हाजीबाबांचा डबा आणि नाशिकची एक फेरी

आमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात हाजीबाबांचे कागद आहेत. हाजीबाबा म्हणजे मुलांचे आजोबा. १९७८ साली ते नाशिकहून हजला गेले आणि परत आल्यापासून इंतकाल होईपर्यंत सगळा मोहल्ला त्यांना याच नावाने हाक मारत होता. डब्याला सहसा कोणी हात लावत नाही. त्यात काय काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे, असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात ते कोणालाच नीट माहीत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली. डबा खाली काढला तर झाकणाच्या कडेने गंज धरलेला आणि तळाचे दोन कागद एकमेकांना चिकटून एक झालेले. आम्ही सगळे पलंगावर पसरून ठेवले. रेल्वेचे पुठ्ठ्याचे तिकीट होते. मुंबईच्या मुसाफिरखान्यातून घरी पाठवलेले पोस्टकार्ड होते. अत्तराच्या कुपीचे लेबल, खजुराच्या पुडक्याचा अरबी अक्षरांचा कागद आणि एक काळापांढरा फोटो. फोटोत नाशिकरोड स्टेशनचा फलाट, गळ्यात फुलांचे हार घातलेले अकरा पुरुष, आणि उजवीकडून तिसरे आमचे हाजीबाबा. मागे पेन्सिलीने एवढेच लिहिलेले: ‘नाशिकरोड, १९७८.’ नाव एकाचेही नाही.

आम्ही फोटो दादीच्या हातात दिला. तिने चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत चार नावे भराभर सांगितली आणि पाचव्या चेहऱ्यावर बोट थांबले. “याचं नाव ओठावर आहे बघ, पण येत नाही,” ती म्हणाली. बराच वेळ ती फोटोकडे पाहत राहिली. मग डोळे मिटून म्हणाली, “त्या दिवशी मी तिथंच होते. फोटोवाल्याच्या मागे. हा कडेवर होता.” कडेवरचे ते बाळ म्हणजे आमच्यातलेच एक, आज दोन मुलांचे वडील.

तेव्हा आमच्या लक्षात आले, की या अकरा माणसांची नावे आता आमच्यापुरती एकाच ठिकाणी शिल्लक आहेत, दादीच्या आठवणीत. आणि दादी पंच्याहत्तरीची आहे.

मुलांचेही एक दुःख होते. मागच्या वर्षी आम्ही खुलताबादला गेलो होतो. शेकडो फोटो काढले, ते सगळे एकाच मोबाइलमध्ये राहिले आणि मोबाइल पाण्यात पडला. धाकटा अजून म्हणतो, “आपण गेलो होतो, पण ते दिसत नाही.” त्या सहलीतून हाती उरले ते फक्त कागजीपुऱ्यात घेतलेले हातकागदाचे बारा ताव. थोरलीने ते गादीखाली जपून ठेवले होते. ती म्हणाली, “याची वही करू या. हाजीबाबांच्या डब्यापासून सुरुवात करू.” असे ते काम सुरू झाले.

ठिगळांचे पुस्तक

तिकिटे, पत्रे, चित्रे, वाळलेली पाने एका वहीत चिकटवून प्रवासाची आठवण ठेवायची, याला हल्ली स्क्रॅपबुक म्हणतात. बाजारात त्यासाठी रंगीत कागद, चकचकीत पट्ट्या, खड्यांची अक्षरे मिळतात आणि किंमत पाहून वाटते, की हे आपल्यासाठी नाही. पण ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. फारसीत अशा पुस्तकाला ‘मुरक्का’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ठिगळे लावलेले. फकिराच्या ठिगळांच्या झग्यालाही हाच शब्द आहे. वेगवेगळ्या उस्तादांची चित्रे, खुशखत लिहिलेले कागद, फुलांचे नमुने एकत्र करून, प्रत्येकाला सुंदर हाशिया लावून मोगल दरबारात असे मुरक्के बांधले जात. दारा शुकोहने आपली पत्नी नादिरा बानू बेगम हिला भेट दिलेला मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जहांगीरचा ‘मुरक्का-ए-गुलशन’ तेहरानच्या गुलिस्तान महालाच्या ग्रंथालयात आहे. हे नाव ऐकून थोरली चमकली, कारण मोगल काळात आपल्या नाशिकचे नावही गुलशनाबाद होते आणि गुलशनाबाद टांकसाळीचे रुपये आजही नाण्यांच्या संग्रहांत पाहायला मिळतात.

बादशहांच्या घरी चित्रकार होते. सर्वसामान्य घरात काय? त्याचेही उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या तय्यबजी घराण्यात एकोणिसाव्या शतकापासून ‘अखबार की किताब’ नावाच्या मोठ्या वह्या ठेवल्या जात. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे बालपणही याच गोतावळ्यात गेले. कोण कुठे गेले, काय पाहिले, पाहुणे कोण आले, आजारी कोण पडले, हे घरातल्या कोणीही त्या वहीत लिहायचे, बायकांनी आणि मुलांनीसुद्धा, आणि ते सर्वांनी वाचायचे. ही वही कुलूपबंद रोजनिशी नव्हती, सगळ्या घराची होती. आम्हाला हीच पद्धत आवडली. घर श्रीमंत असो की साधे, वही आणि पेन्सिल प्रत्येकाला परवडते.

कागजीपुऱ्याचे तावही असेच जुन्या वाटेवरचे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागते. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कागद करणाऱ्या कारागिरांपासून इथला हातकागद सुरू झाला असे मानतात. त्याच काळात इब्ने बतूता दौलताबादला आला होता आणि तिथून नंदुरबारमार्गे गुजरातेत उतरला. बुखाऱ्यातल्या विद्वानांच्या कबरींवरचे लेख त्याने उतरवून घेतले होते. समुद्रात लुटारूंनी गाठले तेव्हा ते कागद गेले. आपला प्रवास त्याने शेवटी मोरोक्कोत, बऱ्याच अंशी आठवणीतून, दुसऱ्याला सांगून लिहवून घेतला. १३५५ मध्ये ते पुस्तक पुरे झाले. त्याच्याजवळ लिहून घेणारा माणूस होता, म्हणून आज आपण त्याला ओळखतो. आमच्या दादीजवळ कोण होते?

शनिवारची फेरी

वहीचा पहिला भाग हाजीबाबांच्या हजचा, हे ठरले. पण घरात बसून दादीला नावे आठवेनात. तेव्हा ठरवले, की तिला घेऊन त्या वाटेने एकदा फिरून यायचे. शनिवार निवडला, कारण टपाल कचेरीतही काम होते. एक रिकामे पाकीट, मऊ पेन्सिल, फोटोची झेरॉक्स आणि पाण्याची बाटली, एवढे सामान. मूळ फोटो घरीच ठेवला.

सकाळी जुन्या नाशकात शिरलो. आमचे जुने घर याच भागात होते. दूध बाजार, भांडी बाजार, सराफ बाजार, तांबट लेन, पिंजार घाट, काझीपुरा, कोकणीपुरा. मुलांना आम्ही एक काम दिले होते: दिसेल त्या गल्लीचे नाव लिहायचे आणि त्याचा अर्थ कोणाला तरी विचारायचा. पिंजार घाट म्हणजे कापूस पिंजणाऱ्यांची वस्ती, तांबट लेन म्हणजे तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची, हे त्यांना रस्त्यावरच्या माणसांनी सांगितले. धाकट्याने विचारले, “आता पिंजारी कुठे आहेत?” ज्याला विचारले तो हसला आणि म्हणाला, “नावात आहेत, बेटा.”

पिंजार घाटावर हजरत सय्यद सादिक शाह हुसैनी यांचा बडी दर्गाह आहे. तिथून खाली गोदावरी फार दूर नाही. नदीकाठी काझीची गढी आहे. उंच मातीचा हा भाग पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतो, वर घरे आहेत आणि दर वर्षी त्यांच्या काळजीच्या बातम्या येतात. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदी बाजारात शिरली होती. दादी म्हणाली, “पुरात लोक आधी पोरं उचलायचे, मग कागदांची पेटी.” या गल्ल्यांत ओल, पूर आणि वाळवी हे कागदाचे जुने वैरी आहेत. वही करताना ही गोष्ट आम्ही विसरलो नाही.

चौक मंडईजवळ एका जुन्या दुकानाच्या ओट्यावर वयस्कर गृहस्थ बसले होते. दादीने सलाम केला, फोटोची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि एकदम बोट ठेवले, “हे तर आमचे मामू!” मामू टांगा चालवायचे. शालिमारपासून स्टेशनपर्यंत हाजींचे सामान त्यांनी आपल्याच टांग्यातून नेले आणि स्वतःही त्याच गाडीत बसून हजला गेले. टांगा आणि घोडा मागे भावाच्या हवाली केला होता. मामूंच्या शेजारचे कोण हेही त्या गृहस्थांनी सांगितले. ते शिंपी होते आणि त्यांनी सगळ्यांच्या एहरामच्या कापडाला किनारी तपासून दिल्या होत्या. दोन नावे मिळाली. आता सहा झाली. गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. मामूंचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. आम्ही एक प्रत करून देण्याचे कबूल केले आणि पुढच्याच आठवड्यात नेऊन दिली.

तिथून त्र्यंबक नाक्याच्या मोठ्या टपाल कचेरीत गेलो. मुलांनी चार पोस्टकार्डे घेतली. पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळते हे त्यांना खरे वाटेना. त्यांनी सकाळपासून काय पाहिले ते चार ओळींत लिहिले, पत्ता स्वतःच्याच घराचा घातला आणि पेटीत टाकले. ही युक्ती आमच्या वाचकांनी जरूर करून पाहावी. सहलीच्या गावातून स्वतःलाच पत्र पाठवावे. टपालाचा शिक्का त्यावर तारीख आणि गाव आपोआप उमटवतो, आणि घरी परतल्यावर आपलीच सहल दारात येऊन उभी राहते.

जवळच शाहजहानी ईदगाहचे मैदान आहे. ईदच्या सकाळी हे मैदान भरलेले मुलांनी पाहिले होते. रिकामे मैदान त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. थोरलीने तिथे बसून कागदावर मैदानाचा नकाशा काढला आणि त्यात एक ठिपका दिला: “हाजीबाबा मला घेऊन इथे उभे राहायचे.” फोटो नव्हता, पण जागा नोंदली गेली.

दगडावरची नोंद

दुपारी पांडवलेणी. मुंबई-आग्रा रस्त्यावर, शहरापासून आठेक किलोमीटरवर, त्रिरश्मी डोंगरात कोरलेली ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची आहेत. दादी पायथ्याशी फाळके स्मारकाजवळच्या सावलीत थांबली, आम्ही पायऱ्या चढलो. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपान याचा जावई. त्याने काय दिले आणि कुठे कुठे दिले याची ती यादी आहे: भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे उतरायला धर्मशाळा, आणि तापी, दमण, डहाणुका अशा नद्यांवर वाटसरूंसाठी फुकट नावा. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा, गोवर्धन तर नाशिकजवळच. म्हणजे नाशिकच्या डोंगरात प्रवासाशी संबंधित एक नोंद दोन हजार वर्षे टिकून आहे. कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्या लोकांच्या खुणा पाहण्याविषयी वारंवार सांगितले आहे, ते मुलांना इथे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

एक सूचना मात्र द्यावीशी वाटते. लेखावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा, असे मुलांना फार वाटते. ते करू देऊ नका. ही संरक्षित जागा आहे आणि दगड झिजतो. समोर बसून दोन अक्षरे पाहून पाहून काढावीत. धाकट्याने चार अक्षरे काढली, त्यातली दोन उलटी होती. ती तशीच वहीत लावली आहेत.

कागदांचे गाव

शेवटी नाशिकरोड. इथल्या दोन कारखान्यांना नाशिककर नुसते ‘प्रेस’ म्हणतात. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२८ मध्ये शेजारी नोटांचा कारखाना सुरू झाला. टपाल तिकिटे, महसुली तिकिटे आणि आपल्या देशाच्या पासपोर्टची कोरी पुस्तिका नाशिकरोडला छापली जाते. आत जाता येत नाही, फोटोही काढायचे नसतात. आम्ही लांबून भिंत पाहिली. थोरली म्हणाली, “म्हणजे आपला पासपोर्ट नाशिकहूनच निघाला आणि नाशिकलाच परत आला!”

हाजीबाबांच्या वेळी कमिटीमार्फत जाणाऱ्या हाजींना नेहमीच्या पासपोर्टऐवजी पिलग्रिम पास मिळत असे. प्रवास मुंबईहून जहाजाने व्हायचा. १९९५ मध्ये ती सागरी वाट बंद झाली. त्याआधीच्या पिढीच्या घरात कदाचित आणखी एक दुर्मीळ कागद सापडेल. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास ‘हज नोटा’ काढल्या होत्या. त्यांवर इंग्रजीत हज असा शब्द छापलेला असे आणि त्या सौदी अरबस्तानातच चालत. कोणाच्या आजोबांच्या पेटीत अशी नोट असेल, तर तिची घडी मोडू नका, तिला डिंक लावू नका आणि पहिल्या भेटीत आलेल्या गिऱ्हाइकाला विकूही नका.

स्टेशनात फलाट तिकिटे काढून आत गेलो. तीही पाकिटात गेली. दादी सावकाश चालत एका खांबाजवळ थांबली. सगळे बदलले आहे, तरी तिने दिशा बरोबर ओळखली. “गाडी तिकडून आली. हार इतके होते की यांचा चेहरा दिसेना. फोटोवाला म्हणाला, हार खाली करा.” मग तिने आमच्याकडे न पाहताच एक नाव घेतले. घरी ज्या चेहऱ्यावर तिचे बोट थांबले होते, त्याचे. ते शाळामास्तर होते. जहाजावर सगळ्यांची पत्रे तेच लिहून देत. आता डब्यातल्या पोस्टकार्डाचे ते वळणदार अक्षर कोणाचे, हेही कळले. आम्ही इतकी वर्षे ते हाजीबाबांचे समजत होतो.

सात नावे झाली. चार राहिली.

वही कशी केली

आता कामाच्या गोष्टी. कारण हौसेने केलेली वही पाच वर्षांत पिवळी पडली, तर डबाच बरा होता.

ओले कागद उन्हात वाळवू नयेत. सावलीत, टिपकागदावर पसरून, पंख्याच्या मंद वाऱ्यात ठेवावेत. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नयेत. जुन्या फोटोंची दुरुस्ती जाणणाऱ्या स्टुडिओला दाखवावेत. आमचे चिकटलेले दोन कागद आम्ही तसेच ठेवले आहेत.

मूळ फोटो आणि पत्र वहीत चिकटवू नये. त्याची चांगली प्रत करून ती लावावी आणि मूळ वस्तू साध्या कागदी पाकिटात वेगळी ठेवावी. वहीत जे लावायचे त्यालाही मागे डिंक नको. कागदाचे चार छोटे त्रिकोणी खिसे करून कोपरे त्यांत अडकवावेत. मुले हे खिसे झटपट घडी घालतात. पारदर्शक चिकटपट्टी कधीच वापरू नये. ती काही वर्षांत तपकिरी होते आणि डाग कागदात उतरतो. जुने बुकबाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नसे. पण मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती तो देऊ नये. लॅमिनेशनही नको. एकदा केले की कागद पुन्हा सुटा होत नाही.

हल्लीची बसची, एटीएमची, हॉटेलची चकचकीत पावती उष्णतेने छापलेली असते. वर्षा-दोन वर्षांत ती कोरी होते. ती आणली त्याच आठवड्यात झेरॉक्स करावी. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, पुढच्या बाजूला वळ उठतात. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे: कोण, कुठे, केव्हा आणि हे कोणी सांगितले. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. “दादीने सांगितले”, “चौक मंडईच्या दुकानदारांनी सांगितले” एवढे लिहिले की पुढच्या पिढीला विश्वास ठेवायला आधार मिळतो.

सजावटीसाठी आम्ही बाहेरून काही आणले नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद खिशांना चांगले. हाशियासाठी थोरलीने ‘अबरी’ करून पाहिली. अबरी म्हणजे ढगाळ कागद, तुर्कस्तानात याला एब्रू म्हणतात. सतराव्या शतकात विजापुरात या कागदातून चित्रेही केली जात. घरगुती रीत सोपी आहे. जुन्या परातीत पाणी घ्यायचे, तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून त्याचे थेंब पाण्यावर सोडायचे, काडीने हलकेच फिरवायचे आणि कागद अलगद टेकवून उचलायचा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मोठ्यांनी जवळ बसावे आणि ती परात पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. प्रत्येक कागद वेगळा उतरतो. पहिला कागद वर उचलला तेव्हा दादीसुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आली.

दोन गोष्टी आमच्या दीनच्या दृष्टीने. लग्नपत्रिकेवर, दुआच्या कार्डावर, खजुराच्या डब्यावर अल्लाहचे नाव किंवा आयत असू शकते. कात्री चालवण्याआधी प्रत्येक कागद वाचावा. असे कागद कापू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत. मशिदीजवळ मुकद्दस औराकसाठी पेटी असते, तिच्यात ठेवावेत. आमच्या पाकिटातून असे पाच कागद निघाले. दुसरे, फोटोंबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत आणि आमच्याही घरात ती आहेत. म्हणून वहीत भिंतीवर लावण्यासारखे काही नाही. फोटो खिशात आहेत, ज्याला पाहायचे तो काढून पाहतो. नकाशे, तिकिटे, हस्ताक्षर आणि गल्ल्यांची नावे यांनीच बहुतेक पाने भरली आहेत. पाहुण्यांपुढे मिरवण्यासाठी वही करायची नाही, हेही ठरले आहे. खर्च झाला तो झेरॉक्स, रंग, टर्पेंटाइन, पोस्टकार्डे आणि रिक्षाचा.

पावसाळ्यासाठी वही सुती कापडात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात ठेवली आहे. औषधांच्या डब्यांत येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या जवळ ठेवल्या आहेत. महिन्यातून एकदा ती उघडून हवा द्यायची, हे काम धाकट्याचे.

दादीचे पान

हाजीबाबांची पाने होत आली तेव्हा थोरलीने विचारले, “दादी, तुझे प्रवासाचे कागद कुठे आहेत?”

दादी हसली. “माझा कसला प्रवास? येवल्याहून नाशिकला आले, तेवढाच.”

घरात तिच्या नावाचा एकही प्रवासाचा कागद नव्हता. हाजीबाबा जहाजाने गेले, त्यांचा डबा भरला. दादीने मागे तीन मुले, सासू-सासरे सांभाळले आणि त्याची पावती कोणी दिली नाही. या महाराष्ट्रातल्या जंजिऱ्याच्या नाझली बेगमांनी १९०८ मध्ये युरोप पाहिला आणि त्यांचे उर्दू प्रवासवर्णन छापले गेले. पण ते राजघराणे होते. आपल्या घराघरांतल्या आजी-नानींचा प्रवास माहेर ते सासर एवढाच झाला, म्हणून तो लिहायचा नाही असे थोडेच आहे!

आम्ही तिला सांगायला लावले. १९७० साल. लाल एसटी. कंडक्टरच्या चिमट्याची टकटक. वाटेत निफाडला बस थांबली तेव्हा कोणीतरी पेरू दिला, तो लाजेने खाल्ला नाही आणि नाशिक येईपर्यंत हातात धरून ठेवला. घरात शिरताना सासूबाईंनी आधी तो पेरू हातातून काढून घेतला आणि मग डोक्यावर हात ठेवला. आमच्यातल्या कोणीही हे कधी ऐकले नव्हते. मुलांनी येवला ते नाशिक असा लांब नकाशा घडीच्या पट्टीवर काढला. पट्टी उघडत गेली की एकेक गाव येते. निफाडजवळ धाकट्याने हिरवा पेरू रंगवला. खाली थोरलीने दादीला सही करायला लावली. दादीने चष्मा लावून सावकाश आपले नाव लिहिले. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा उघडले जाते ते हे पान.

अकरा जणांच्या फोटोचे पान त्याच्या समोर आहे. फोटोखाली अकरा रेघा आखल्या. सातांवर नावे लिहिली, कोणाचा धंदा काय हेही लिहिले. चार रेघा कोऱ्या ठेवल्या. दादीला तेही काही काळ बरे वाटले नाही, मग तीच म्हणाली, “राहू द्या. आपल्याला आठवत नसेल, अल्लाहला त्यांची नावं माहीत आहेत.” आता घरात फातिहा पढली जाते तेव्हा मुले हाजीबाबांबरोबर त्या दहाही जणांसाठी दुआ मागतात, सातांची नावे घेऊन आणि चौघांची नावे न घेता.

नाशिक परिसरातल्या कोणा वाचकाच्या घरी हाच फोटो असेल, मागे कदाचित नावेही लिहिलेली असतील. आणि नसेल, तरी आपल्या फळीवरचा डबा येत्या सुट्टीत खाली काढावा. कागद नंतर लावता येतील. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून पेन्सिल हातात घ्यावी. अल्लाह सर्वांच्या घरच्या मोठ्यांना दीर्घायुष्य देवो.